दोन थापा म्हणजे चल

२ मार्च

ठरलं! कॉम्प्युटर घेणार. तयार डबा उचलून आणायचा नाही — एकेक भाग निवडून, अंगावर बेतून शिवल्यासारखा.

ताईचा फोन आला होता. "तेवीस तारखेला माझी सत्तरी. कपडे नकोत, केक नको. तू तुझा ट्रक घेऊन ये." गुडघ्यांमुळे बाहेर पडणं कमी झालं तेव्हापासून, गेली चार वर्षं, ताई कॉम्प्युटरवरच्या खेळात ट्रक चालवते. डोंगर, पूल, बंदरं — काही म्हणून सोडलं नाही. मी आपली फोनवर ऐकत आले. आता दोघींचे दोन ट्रक, एकामागे एक.

हे म्हणाले, "अगं, तू साधी सायकल चालवली नाहीस कधी!"

म्हणूनच तर.

४ मार्च

सकाळपासून कॉन्व्हेंटचं हॉस्टेल आठवतंय. रविवारी दुपारी सक्तीची विश्रांती असायची. सिस्टर एकदा बघून गेल्या की आम्ही दोन खाटा जोडायचो. झाला ट्रक! ताई ड्रायव्हर, हातात ॲल्युमिनियमची ताटली. मी क्लीनर — धाकटी ना. क्लीनरनं मागून खाटेच्या लोखंडी दांड्यावर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे चल.

"मला कधी देशील चालवायला?" मी विचारायची. "मोठी झालीस की." मग ती कॉलेजला गेली, खाटा वेगळ्या झाल्या. पुढे लग्नानंतर यांच्या गाडीत शेजारी बसून नकाशा धरला. म्हणजे सदुसष्ट वर्षांची झाले तरी क्लीनरच!

७ मार्च

दुकानात जाऊन आले. चिंचोळं दुकान, छतापर्यंत खोकी. कॉम्प्युटर जुळवणारी मुलगी ओठांत दोन स्क्रू धरूनच बोलते. मला इतकं हसू आलं! आम्ही शिवणवाल्या टाचण्या धरतो तसे. मनातल्या मनात तिचं नावच ठेवून टाकलं — टाचणी.

"काकू, नातवासाठी का?"

"माझ्यासाठी. ट्रक चालवायचाय."

एक स्क्रू खाली पडला. मग दोघी गुडघ्यांवर बसून शोधत होतो. मैत्री तिथेच झाली.

तिनं छान समजावलं. प्रोसेसर म्हणजे डोकं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे चित्र काढणारं. रॅम म्हणजे कामाचं टेबल, मोठं असलं की सगळं एकदम पसरता येतं. हे तर मला न सांगता कळलं असतं. चाळीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं ते अपुऱ्या टेबलांवर! "मोठंच दे," म्हटलं.

९ मार्च

ताईचा निरोप. पूर्वी आकडे घालून याद्या टाइप करायची — हल्ली नुसतं बोलून पाठवते. आळशी झालीय! म्हणाली, "मॉनिटर मोठा घे. प्रोसेसरवर थोडे कमी पैसे घातलेस तरी चालेल, ग्राफिक्स कार्डात चिक्कूपणा नको. रस्त्यावरचा लांबचा बोर्ड तुला वाचता आला पाहिजे. आणि माइक उत्तम घे. तुला खूप बोलायला लागणार आहे."

मी विचारलं, "तुझा मॉनिटर कुठला? फोटो पाठव."

"माझं राहू दे गं. तुझं बघ."

११ मार्च

कॅबिनेट घेतलं. फिकट गुलाबी! एक बाजू काचेची! यांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

१४ मार्च

फजिती.

ग्राफिक्स कार्ड आलं — काळं, जडशीळ, मोठ्या पट्टीएवढं लांब. टाचणी म्हणाली होती, माप मी घेते. पण मी कसली ऐकते! पर्समधून टेप काढून कॅबिनेट मीच मापलं होतं. आज कार्ड बसवायला गेलो तर अर्धा इंच कमी. आत पुढच्या बाजूला हवेचे पंखे असतात आणि ते इंचभर जाड असतात, हे ध्यानातच घेतलं नव्हतं. म्हणजे मी कापड मापलं आणि अस्तर विसरले! ज्या चुकीसाठी चाळीस वर्षं मुलींना ओरडले, नेमकी तीच!

गुलाबी कॅबिनेट परत करायचं माझ्या जिवावर आलं. टाचणी म्हणाली, "काकू, जरा छोटं कार्ड घ्या. ट्रकला पुरेल." मलाही पटलं.

घरी येऊन ताईला सांगितलं, तर कडाडलीच. "छोटं अजिबात नको! पाला, पाऊस, बोर्डावरची अक्षरं — सगळं लख्ख दिसलं पाहिजे तुला. कॅबिनेट बदल, मग गुलाबी गेलं तरी चालेल!"

एवढं चिडायला काय झालं? हिरमुसले थोडी.

१५ मार्च

सुचलं! भाजी निवडताना सुचलं. तशीच हात पुसून दुकानात गेले.

अस्तर आतूनच लावायचं असं कुठे लिहिलंय? पंख्यांच्या पुढे जाळीचं झाकण आहे. ते काढलं तर झाकण आणि पत्रा यांच्यामध्ये जागा दिसते. पंखे तिथे लावले तर? टाचणीनं स्क्रू तोंडातून काढून बाजूला ठेवले, म्हणजे मामला गंभीर. मापलं. जाळी काढली, पंखे बाहेरून लावले, जाळी पुन्हा बसवली. कार्ड आत सरकलं. खट्!

"काकू, हे मला सुचायला हवं होतं."

मला तर तिथेच गिरकी घ्यावीशी वाटली. कंबरेनं परवानगी दिली नाही.

१७ मार्च

आज तारा. वायरींचा नुसता भारा! त्या सगळ्या मागच्या बाजूनं न्यायच्या आणि झाकण लावून टाकायचं. "मागचं कोण बघतंय?" टाचणी म्हणाली.

मला भरतकामाच्या सिस्टर आठवल्या. फ्रेम हातात घेतली की पहिल्यांदा उलटी करायच्या. "पुढून सगळ्याच मुली छान करतात," म्हणायच्या, आणि मागच्या गाठी मोजायच्या. किती रडले होते मी त्या गाठींपायी!

दुपारभर बसले. जाड वायरी खाली, बारीक वर, कुठे पीळ नाही, कुठे एकीवर दुसरी नाही, सगळ्या सारख्या अंतरावर बांधलेल्या. टाचणीनं पाहिलं आणि आतल्या खोलीतून मालकांना बोलावून आणलं. ते चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "हे झाकण लावायचं जिवावर येतंय हो."

सिस्टर, दिसलं ना?

१९ मार्च

घरी आला. सुरू झाला. काचेतून बघितलं तर पंखे मांजरासारखे गुरगुरतायत. मुठीएवढी अक्षरं, आणि खरोखरचं वाटावं असं आकाश!

स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला घट्ट आवळलंय. पहिल्याच दिवशी पेट्रोल पंपाचा खांब पाडला, दोन कुंपणं आणि एक फळांची गाडी. हे शेजारी खुर्ची टाकून बसलेले, पाय जमिनीवर दाबून ओरडत होते — "ब्रेक! अगं ब्रेक!"

"अहो, ड्रायव्हरशी बोलू नका."

किती वर्षांपासून म्हणायचं होतं हे वाक्य!

२२ मार्च

ट्रक रिव्हर्समध्ये लावता आला. तिसऱ्या खेपेला, पण आला! माझा ट्रक निळा आहे. ताईचा लाल, असं ती सांगते. उद्या चार वाजता पुलाआधीच्या ढाब्यासमोर भेटायचं. जीव नुसता उड्या मारतोय. आज दोनदा चहात साखर घातली.

२३ मार्च

ढाब्यासमोर लाल ट्रक नव्हता. हेडफोनमध्ये ताईचा आवाज होता.

"शोधू नकोस. मी तुझ्याच ट्रकात, तुझ्या शेजारी बसलेय असं समज."

"आणि तुझा ट्रक?"

"बंद केला, डिसेंबरात. नजरेच्या मधोमध काळं झालंय गं, कडेकडेचंच दिसतं. डॉक्टर म्हणाले, गेलेलं परत येणार नाही. आधी सांगितलं असतं तर रडत बसली असतीस, आणि ते कार्ड घेतलंच नसतंस." मग हसली. "मोठी झालीस की देईन म्हटलं होतं ना? आता स्टिअरिंग तुझं. क्लीनर मी. समोर काय काय आहे, सांग."

सांगितलं — पूल. पिवळं गवत. नदीवर ऊन. बोर्डावरचं प्रत्येक अक्षर.

मग तिकडे तिनं टेबलावर हात आपटला.

ठप. ठप.

गिअर टाकला.