माझी दाढ वगळायची नाही

३ जून

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. काढलेली दाढ तू दिलेल्या बाटलीत बुडवून मामाबरोबर पाठवली आहे. मी चौथीच्या पुढे गेले नाही, ती तरी तुझ्या दातांच्या कॉलेजात जाऊ दे. तिचं काय केलंस ते कळव. स्वतः वेळेवर जेव.
तुझी आजी

१९ जुलै

ती. आजीस,
सा. न. वि. वि.
तुझी दाढ उभी चिरून दोन फाका केल्या. एक पाण्यात ठेवली, दुसरी रूट कॅनालची नळी धुतात त्या औषधात. ते नळीतला गाळ काढतं. पण आमचे सर शिकवतात तितका वेळ ठेवलं तर दातातलं कॅल्शियमही ओढून घेतं. पाण्यातली फाक जशीच्या तशी आहे, औषधातली आतून मऊ पडली. असे बरेच दात तपासले: तरुणांच्या दातांचं कॅल्शियम थोडं गेलं, म्हाताऱ्यांच्या दातांचं फार. सर म्हणतात, म्हाताऱ्यांचे दात मुळातच गेलेले, ते प्रबंधातून वगळ, नाहीतर सही देणार नाही. सहीवाचून वर्ष वाया जाईल. आई म्हणते, वगळ आणि मोकळी हो. मलाही तसंच वाटू लागलंय. रागावू नकोस.
तुझी खारूताई

२६ जुलै

चि. खारूताईस,
आशीर्वाद, पण या खेपेला मोजकेच.
रागावलेच आहे. दाढ मुळातच गेलेली, तर पाण्यातली फाक धड कशी राहिली? त्या दाढेने मी बाटल्यांची बुचं उघडली आहेत. आणि म्हातारी माणसं सरांच्या खुर्चीत बसत नाहीत का? त्यांच्या तोंडात औषध घालताना बरं कुणी वगळत नाही. वर्ष गेलं तर जाऊ दे. तुझ्या आईने दोन घालवली होती, तरी मी तिला घरातच ठेवली. विचार तिला.
दुसऱ्या बाजूची दाढ हलत होती. डॉक्टर कधीचे मागे लागले होते, मी हात लावू देत नव्हते. आज जाऊन काढून आले. ती सोबत पाठवली आहे, सरांच्याच हातात दे. त्यांनी स्वतः चिरावी, स्वतः भिजवावी. मऊ पडली नाही तर मला खुशाल वगळा. पडली, तर मुकाट्याने सही करावी.
मी आता पातळ जेवते, तक्रार नाही. लोभ आहे तेवढा आहे; वाढवायचा की नाही, ते तू काय करतेस ते बघून ठरवीन.
तुझी आजी

ता. क. बाटली परत पाठव. अजून दोन दाढा शिल्लक आहेत.