आता बरं की मघाशी?

३ मार्च

चि. चिमणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. परीक्षा आल्या, म्हणजे तू आता महिनाभर माणसांत नसशील. तरी हे वाच. घरी सगळं ठीक आहे, स्टिरिओ सोडून. तू हसणार हे धरूनच सांगतो की परवा पुन्हा स्पीकर बदलले. जुने वाईट नव्हते. ते आणले तेव्हा मीच तुला लिहिलं होतं की आता मरेपर्यंत बदलणे नाही. पण थोडे दिवस गेले आणि काहीतरी खटकायला लागलं. गाणारी बाई पलीकडच्या खोलीत आहे आणि मधलं दार कुणीतरी लोटून घेतलंय, असं वाटायचं. नव्या स्पीकरबद्दल दुकानदार म्हणतो की नवे बूट जसे पायात सैल व्हावे लागतात, तसंच यांचंही असतं. म्हणजे चावले तरी घालून हिंडायचं.

मी आपली माझ्या चष्म्याच्या दुकानातली पद्धत वापरतो. गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एक काच धरायची, मग दुसरी, आणि विचारायचं, आता बरं की मघाशी? एका वेळी एकच गोष्ट बदलायची. इथे तुझी वहिनी खुर्चीत आणि मी कपाटामागे. ती नेहमी आता बरं म्हणते. तिचा कान माझ्याहून तयार आहे, हे तुलाही ठाऊक आहे. पण चिमणे, तिचा चेहरा खुलत नाही. पूर्वी गाण्यातली एखादी जागा आवडली की तिचं विणकाम थांबायचं. आता सुया आपल्या चालूच असतात. त्यावरून मी ओळखतो की यंत्रात अजून खोट आहे. आता वायर बदलून बघतो.

जावईबापूंना नमस्कार. पेपर तपासताना पोरांवर दया कर.

तुझा
दादा


११ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझी वायर वाचली. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, तुझ्याकडे ते नऊसुद्धा भरत नाहीत. आमच्या रेडिओचं मागचं झाकण दोरीने बांधलेलं आहे आणि बातम्यांच्या वेळी त्याला एक थापट द्यावी लागते. तरी आम्ही दोघं त्याच्यावर खूश आहोत, कारण त्याच्याकडून कुणाची काही अपेक्षाच नाही. तुझ्या स्टिरिओला मात्र रोज परीक्षेला बसवतोस. माझ्या वर्गातला हुशारातला हुशार मुलगाही अशाने नापास होईल.

काळजी मला वहिनीची वाटते. रविवारी फोन केला, दाढदुखीने मला दोन रात्री झोप नाही असं सांगत होते, तर ती आपली छान छान म्हणत राहिली. तुझ्या वायरींनी तिचं डोकं उठवलेलं दिसतंय. तिला चार दिवस माझ्याकडे पाठव. इथे तिला कुणी काही विचारणार नाही.

हे नमस्कार सांगतात. रागावू नकोस, आणि रागावलास तर लगेच लिही.

तुझी
चिमणी


२० मार्च

चि. चिमणीस,
आशीर्वाद.

वायर आली. कपाटामागे बसून जोडत होतो, तेवढ्यात शेजारचे शिडी मागायला आले. शिडी देऊन परत येऊन बसलो, पुढचं काम केलं, आणि डोकं वर काढून हिला विचारलं. ही म्हणाली की आता अगदी छान, आता हे बदलूच नका.

चिमणे, वायरीचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी खोलीत शांतता होती, आणि ही त्या शांततेला मान डोलावत होती.

म्हणजे दोन वर्षं ती माझ्या तोंडाला पानं पुसत होती. स्टिरिओ लागलाय की नाही इकडेसुद्धा तिचं लक्ष नव्हतं. नुसतं सांगायचं होतं ना, की मला कंटाळा येतो. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतंच बोलतो. गंमत म्हणजे तिने कारणसुद्धा विचारलेलं नाही. येत्या रविवारी सगळं सामान उचलून दुकानाच्या मागच्या खोलीत नेतोय. संध्याकाळी दुकान बंद करून तिथेच ऐकत बसेन. घरी तिला तिच्या सुया लखलाभ.

दादा


२३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळेल त्याच दिवशी वाच, आणि सामान जागचं हलवू नकोस.

माझ्या वर्गात दरवर्षी एकदोन मुलं अशी असतात, की ज्यांना शिकवलेलं काहीच पोचत नाही, आणि मान सगळ्यात जास्त तीच डोलावतात. ती फळ्याकडे बघत नाहीत, माझ्या तोंडाकडे बघतात. मी खूश दिसले की त्यांना समजलेलं असतं. तुझं पत्र वाचलं आणि माझ्या दाढेला मिळालेलं छान छान आठवलं. आता मला वेगळीच शंका येते. तू डोकं वर काढतोस, ती तुझा चेहरा बघते, आणि तुला हवं ते उत्तर देते.

दिवसभर परक्यांचे डोळे तपासतोस, आता घरात बघ. तिच्या पाठीमागे उभा राहून काहीतरी बोल. माझं खरं निघालं तर चोर पकडल्यासारखं करू नकोस, एवढं माझं ऐक.

वाट बघते.

चिमणी


१६ एप्रिल

चि. चिमणीस,
अनेकोत्तम आशीर्वाद.

तू म्हणालीस तसं केलं. ती खिडकीशी विणत होती. मी मागे उभा राहून म्हणालो की असला स्वेटर मी कुत्र्यालाही घालणार नाही. सुया चालूच राहिल्या. चिमणे, मला रडू आलं. हे जावईबापूंना सांगू नकोस.

मग समोर जाऊन बसलो आणि विचारलं. आपल्याला ऐकू येत नाही हे तिला कधीचंच माहीत होतं. सांगितलं का नाहीस म्हटलं, तर म्हणाली की सांगितलं असतं तर तुम्ही विचारायचं बंद केलं असतं. दिवसभरात मी तिला तेवढा एकच प्रश्न विचारायचो आणि उत्तराची वाट बघत थांबायचो. तो प्रश्न तिला जाऊ द्यायचा नव्हता. मी तिच्या चेहऱ्यासाठी यंत्र बदलत होतो, ती माझ्या चेहऱ्यासाठी पसंत करत होती, आणि मधल्यामध्ये स्पीकरवाल्याची चंगळ झाली.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला कानाचं मशीन दिलं. त्या संध्याकाळी मी तिच्या आवडीचं गाणं लावलं. आधी तिने दोन्ही हात कानांवर धरले. तिचा चेहरा खुलावा म्हणून मी आवाज किती टोकदार करून ठेवला होता ते तेव्हा कळलं. तो बेताचा केला. अर्धं गाणं तिने डोळे मिटून ऐकलं, आणि मग म्हणाली की बंद करा.

मी बंद केलं आणि सवयीने कपाटामागे जायला निघालो. पण तिची यंत्राबद्दल तक्रार नव्हती. ती म्हणाली की गाणं उद्याही ऐकता येईल. दोन वर्षं जेवताना तुम्ही एवढं बोलत होतात आणि मी नुसती मान हलवत होते. ते सगळं आता पहिल्यापासून सांगा.

मी खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. सांगायला तोंड उघडलं, आणि आठवून आठवून बघितलं, तर दोन वर्षं मी स्पीकर आणि वायरींशिवाय काही बोललोच नव्हतो. तसं तिला खरं खरं सांगून टाकलं. ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली, आणि म्हणाली की मग माझं फारसं काही हुकलेलं नाही.

पत्रातून अशीच रागावत जा, एवढी विनंती.

तुझा
दादा