व्यसन : नाही

३ नोव्हेंबर, सोमवार
आज सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी एका चष्मेवाल्या पोरसवदा डॉक्टरने मला न विचारता माझ्या केसपेपरवर लिहिलं, ‘व्यसन : नाही’. मान वर करून बघितलंसुद्धा नाही. पांढरे केस, कडक इस्त्री, नाकावर राग. अशा बाईला काय विचारायचं? शेजारी बसलेल्या धाकट्या बहिणीनेही मान डोलावली. मी वाचलं आणि ती ओळ तशीच राहू दिली. त्याने ‘रक्तदाब’चा ‘रक्तदाप’ केला होता, तो मात्र त्याच्याच पेनने दुरुस्त करून दिला. एकतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली आहेत, हात शिवशिवतो.

बाकी दिवस मजेत गेला. निवृत्त होऊन कालच धाकटीकडे कायमची राहायला आले. वरची खोली मला दिलीय. पलंग, लिहायचं टेबल, उन्हाची खिडकी. ती म्हणाली, ताई, आता निवांत माझ्या चुका काढत बस. मी म्हटलं, तेवढं आयुष्य उरलेलं नाही. दोघी पोट धरून हसलो.

डॉक्टरकडे गेलो ते माझ्या उजव्या हाताची दोन बोटं पांढरीफटक पडून गारठतात म्हणून. थंडी बाधली म्हणे. हातमोजे घाला, गोळ्या घ्या.

वही माझीच आहे, तेव्हा खरं लिहिते. रोज दहा सिगारेटी, एकोणतीस वर्षं. छापखान्यात मुद्रितांची वाट बघता बघता लागल्या. कॉन्व्हेंटमध्ये मदरने शिकवलं होतं, विचारल्याशिवाय बोलायचं नाही. त्याने विचारलं नाही.

११ नोव्हेंबर
हातमोजे घालून घरात वावरते. धाकटी म्हणते, चोरी करायला निघाल्यासारखी दिसतेस. बोटं आता निळी आहेत, दौत सांडावी तशी. ती दुपारी आडवी झाली की मी न्हाणीघराच्या खिडकीशी उभी राहते. मग लवंग चघळते.

१९ नोव्हेंबर
दुपारी खिडकीशी उभी असताना वास आला. कातडं जळल्याचा. शेजारी कोण काय जाळतंय म्हणून दोन शेलक्या शिव्या पुटपुटले. मग खाली पाहिलं. सिगारेट संपून कधीच बोटांना टेकली होती. बोटं जळत होती आणि मला काहीच कळत नव्हतं. माझ्या बाहीतून दुसऱ्याच कुणाचा तरी हात बाहेर आलेला.

२४ नोव्हेंबर
जखम भरत नाही. कडा काळी पडतेय. चष्मेवाल्याने विचारलं, कशाने भाजलं.
या वेळी विचारलं होतं. मी म्हटलं, किटलीने.
मलम दिलं.

२ डिसेंबर
मोठं रुग्णालय. वयस्क डॉक्टरीणबाई. तिने नखं पाहिली आणि सरळ विचारलं, दिवसाला किती? धाकटी उसळली, आमच्या ताईला असलं काही विचारू नका. मी म्हटलं, दहा.

तंबाखूने हातापायांच्या बारीक रक्तवाहिन्या बुजत जातात. पुरुष असता तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं, म्हणाली. औषध एकच, आजपासून एकही नाही.

सोडली. तिथेच, पाकीट तिच्या टोपलीत टाकून.

बाहेर बाकावर धाकटी म्हणाली, मला माहीत होतं ताई, आधी पाहुणी यायचीस तेव्हाही तुझ्या उशीला वास यायचा. त्या दिवशी मान डोलावली ती तुझी अब्रू जाऊ नये म्हणून.

५ डिसेंबर
दोन बोटं वाचणार नाहीत. तिसरं आज सकाळी पांढरं —
धाकटी भरवते. स्वतः जेवत नाही. म्हणते, मीच मान —
तिला रागवायचं होतं. जमलं नाही.

९ डिसेंबर, मंगळवार
डाव्या हाताने लिहितेय. हे फाडून चष्मेवाल्याकडे पाठवायचं.

डॉक्टर, तुम्ही विचारलं असतंत तर मी खरं सांगितलं असतं का, मला माहीत नाही. तरी विचारायला हवं होतं. ते तुमचं काम —

एकच सांगा. ३ नोव्हेंबरला सोडली असती तर बोटं राहिली असती? उत्तर बंद पाकिटात द्या. ‘नाही’ असेल तर त्यावर बहिणीचं नाव घाला, तिला कळू दे तिचा दोष नव्हता. ‘हो’ असेल तर माझं नाव. फक्त माझं. ती उघडणार नाही, मी —

लेखी पाहिजे. गुरुवारी सकाळी नऊच्या आत. नऊला मला शस्त्रक्रियेसाठी आत नेतील, आणि नंतर एका हाताने पाकीट फुटणार नाही, मला तिलाच —