रिठ्याने धुतलेली काच

आबा, तुमच्या दुकानातला केर आईनं नाही, मी टाकला होता. सोनाराच्या दुकानातला केर फेकायचा नसतो, त्यात सोन्याचा कीस असतो, तो साठवून धुवायचा, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पाहुणे यायचे होते, म्हणून लोटला गटारात. तुम्ही आईला चारचौघांत बोललात. ती एकदाच माझ्याकडं बघते, मग खाली बघते, आणि मी भिंतीला चिकटून उभी.

आता कोपरखैरण्यात नातीकडं राहते. ती कॉलेजात काचेच्या पट्टीवर सोन्याचे ठिपके बसवते, डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक. वर खाडीचं पाणी सोडायचं. त्यात पारा असला तर तो सोन्याला धरतो आणि काचेतून येणाऱ्या उजेडाचा रंग बदलतो. मी म्हटलं, "पारा सोन्याला सोडत नाही, हे आमच्या आबांना न शिकता ठाऊक होतं." तर म्हणते, "मग तूच चल ना आजी लॅबला, मला शिकवण्यातून सर सुटतील."

परवा तिनं एक पट्टी घरी आणली, वाशीला मोठ्या लोकांपुढं दाखवायची होती. ती आंघोळीला गेली. मी पट्टीची डबी उघडली, तर काचेवर पान थुंकल्यासारखा लालसर डाग. सोनाराची लेक मी, सोनं म्हणजे पिवळं. वाटलं, घाण बसलीय. आपण दागिने धुतो तशी रिठ्याच्या पाण्यानं चोळली, पदरानं पुसली. डाग निघाला, पट्टी होती तशी डबीत ठेवली. बरंसुद्धा वाटलं मला.

तो डागच सोनं होता, आबा. इतकं बारीक केलं की ते लाल दिसतं, हे ती संध्याकाळी वाशीहून येऊन रडत सांगत होती. "काच कोरी निघाली, आजी. सर सगळ्यांसमोर म्हणाले, आधी दाखवलेलं तरी खरं होतं का? खोटारडी समजतात मला." आणि माझी जीभ बघा, मी म्हटलं, "मग नीट बसवायचं होतं ना." ती म्हणाली, "हो, माझंच चुकलं असणार."

आईसारखीच खाली बघत म्हणाली.

तुम्हाला लिहिणं सोपं, तुम्ही उठून जाब विचारणार नाही. हा कागद रिठ्याच्या डब्यात राहील, तिथं कोणी हात घालत नाही. मघाशी धीर करून तिला हाक मारली. ती वही मिटून आली, "काय गं?" म्हणाली. मी विचारलं, चहा टाकू का.