हास म्हणे!

शुक्रवार, संध्याकाळ

गर्दचं व्यसन सुटून कित्येक महिने झाले, तरी कशातच राम वाटत नाही. आज दुरुस्तीच्या दुकानात बंद पडलेला टेपरेकॉर्डर वाजता केला, गिऱ्हाईक नाचायचंच बाकी होतं. मी मख्ख. डॉक्टर म्हणतात, "इतकी वर्षं मेंदूला आनंद बाहेरून मिळाला, स्वतःचा तयार करायला तो विसरलाय. हे नैराश्य आहे, आळस नव्हे. वेळ द्या." किती वेळ? मेंदू आहे की सरकारी कचेरी?

घरी आईनं साखरभात केलेला. "सुटलास ना त्यातून? मग आता तरी हास की रे!"

हास म्हणे! चिडून बशी ढकलली, ती फुटली. तुकडे वेचताना आईचं बोट कापलं. मला एकदम रडू फुटलं. इतक्या महिन्यांनी काहीतरी वाटलं, आणि तेही हे!