भाकरीचं पैसं घेत न्हाई

दिल्ली
रविवार, १८ नोव्हेंबर २००७

सूरजदादा,

तुला, आण्णांना आन आपल्या समद्या मेंढरांना ऋतिकाचा नमस्कार.

लिहिण्यात चुका लई असतील, त्या पोटात घाल. आठवीतनं नाव काढलं तवापासून धड चार वळी लिहिल्या न्हाईत मी, आन हे तर टायपिंग. प्रदर्शनाच्या हापिसातल्या मॅडमनी कंप्युटर दिलाय. मंचरच्या दुकानात तू शिकवलं तसं एका बोटानं चाललंय. नुसतं 'ळ' शोधता शोधता चहा गार झाला. मागं एक माणूस उभाय, त्याला बी मेल करायचाय. सारखा खोकतोय. खोकू दे.

आई, धोंडाबाई आन मी, आमी तिघी बऱ्या आहोत. हितं थंडी लई. धोंडाबाईनी घोंगडी बांधून घेतली तवा तू हसला व्हतास, आता आमी तिघी त्याच एका घोंगडीत निजतो.

हे पत्र छापून काढ आन जेवायला बसल्यावर आण्णांना वाचून दाखव. मी कितींदा फोन केला, दर टायमाला तू म्हणतोस आण्णा मेंढरांकडं गेलेत. अंधार पडल्यावर कुठली मेंढरं, दादा. फोन हातात घ्यावा लागतो, पत्र नुसतं कानावर पडतं. त्यामुळं पत्र. जिथं 'हे वाचू नको' लिहीन तिथं वाचू नको.

आण्णा, हितं एक लोधी बाग हाय. बाग म्हणजे आपल्या गावच्या शिवाराएवढी. मधी जुने घुमट, आन चहूकडं गवत. कापून सारखं केलेलं, हिरवंगार, आन त्यात एक बी मेंढरू न्हाई. माणसं त्यावर नुसती पळत्यात. मागं कुणी लागलेलं न्हाई तरी पळत्यात, घाम पुसत्यात, आन परत पळत्यात. आईनं मूठभर गवत उपटलं, हातावर चोळलं, वास घेतला. तेवढ्यात वॉचमननं शिट्टी मारली. "माताजी, घास मत तोडो."

आई म्हणली, "तुमची घास तुमको लखलाभ. हमारे घर बत्तीस मुंडी हय, उनको पूछो कैसी हय."

तो हसला. बत्तीस मुंडी म्हणजे बत्तीस मेंढरं, हे त्याला कळलं न्हाई, पण म्हातारा व्हता, त्यानंच मग घुमटाच्या सावलीत बसायला जागा दाखवली. आई तिथं टेकली, गवतावरनं हात फिरवला. मग म्हणली, "ह्यांना दाखवायला पायजे व्हतं." एवढंच.

चांदणी चौकात गेलो. गर्दी आपल्या यात्रेसारखी, फक्त रोजची. तिथं दुधाचा फेस इकत्यात, दौलत की चाट म्हणत्यात त्याला. तोंडात घातला की जिभेवर काय उरतच न्हाई. आई म्हणली, "पैसं देऊन वारा खाल्ला." पण वाटी चाटूनपुसून खाल्ली तिनं. छोले भटुरे मला आवडले. धोंडाबाईला भटुरा फुगलेला बघून वाटलं आत काय तरी असंल, फोडला तर रिकामा. "हे तर आमच्या सरपंचासारखं," म्हणली.

आन आण्णा, प्रदर्शनात मणिपूरची पोरं ढोल गळ्यात घालून हवेत गिरकी घेत्यात. ढोल वाजतच राहतो. मी बघत व्हते आन मला तुमचा गजी नाचातला ढोल ऐकू येत व्हता. ती पोरं चांगली हायत. पण टिपरीचा आवाज तुमच्यासारखा न्हाई, हे मी खोटं सांगत न्हाई.

दादा, आता हे वाचू नको.

निघायच्या दिवशी आण्णा ओट्यावरनं बोलले ते तू ऐकलंस. "आपल्या घरात आजवर भाकर कुणी इकली न्हाई. आल्यागेल्याला घातलीय, इकली न्हाई. तुला इकायची असंल तर जा, पण मग माझ्याशी बोलू नको." आईनं बाजरीच्या पिठाचं गाठोडं बांधलं आन निघाली. गाडीत पार दिल्लीपातुर ती खिडकीकडं तोंड करून बसली व्हती. मला वाटलं ही आता स्टॉलवर बी अशीच बसणार. आन बसली.

पहिल्या सकाळी आमच्याकडं कुत्रं फिरकलं न्हाई. शेजारी राजस्थानवाल्यांकडं रांग. मासवड्या परातीत मांडून ठेवलेल्या, रस्सा उकळतोय, आन आई चुलीमागं पदर घेऊन. धोंडाबाई आपल्या बचत गटाची अध्यक्ष, पण हिंदी म्हणलं की तिची वाचा बसती. दादा, मी पाव्हणं आलं की आतल्या खोलीत जाते, तुला ठाव हाय. पण ती परात बघवंना. मी बाकड्यावर चढले आन टीव्हीतल्या बाईसारखी वरडले, "आइए भाईसाब, जुन्नर-आंबेगाव की मासवडी खाइए, बेसन की हय, अंदर तीळ-खोबरा-लसून हय." आवाज माझाच हाय का म्हणून मीच मागं बघितलं.

आता परत वाच. इथनं पुढं नीट वाच, घाई करू नको.

पहिला एक सरदारजी आला. आईनं त्याला वड्या, रस्सा, भाकर वाढली. त्यानं भाकर संपवली, आईनं दुसरी टाकली. वाटी रिकामी झाली, आईनं रस्सा वतला. त्यो नको म्हणंना आन ही थांबंना. शेवटी त्यानं ताटावर दोन्ही हात आडवे धरले. तवा कुठं आई हसली. गाडीत बसल्यापासून पहिल्यांदा. मग त्यानं आपली माणसं आणली, त्यांनी आणखी आणली. उन्हं माथ्यावर यायच्या आत त्या दिवसाचं पीठ संपलं.

दुपारी प्रदर्शनवाले साहेब आले. साहेब आपल्याकडचेच, मराठी बोलणारे. रिकामं भांडं बघून तापले.

"अहो बाई, हा धंदा आहे, लग्नाची पंगत नाही. एका प्लेटला दोन भाकरी आणि एक वाटी रस्सा. पुढचं मागितलं तर पैसे लावा."

आई म्हणली, "वडीचं लावा. भाकरीचं पैसं मी घेत न्हाई."

"का?"

"आमच्या घरात भाकर इकत न्हाईत. मालकांनी सांगितलंय."

आण्णा, तिनं असंच म्हणलं. खाली बघून न्हाई, साहेबांच्या तोंडाकडं बघून. धोंडाबाई तिचा पदर वढत व्हती, "सुंदरे, गट बुडवतीस का काय." साहेब म्हणले, "मग तोट्यात जाल आणि स्टॉल दुसऱ्या गटाला द्यावा लागेल." आई म्हणली, "द्या. पण माझ्या ताटावरनं माणूस अर्धपोटी उठायचा न्हाई."

त्यानंतर मी पाटी लिहिली. वडीचा भाव जरा वाढवला आन खाली मोठ्या अक्षरात, 'भाकरी के पैसे नहीं.' दुसऱ्या दिवशी रांग राजस्थानवाल्यांच्या पुढनं वळून गेली. लोक पाटीचे फोटो काढत्यात. एक म्हातारी रोज येती, भाकरी खाऊन झाली की आईच्या डोक्यावर हात ठिवती. पीठ दुपारीच संपतं, म्हणून तर आमाला बागा आन चौक बघायला मिळतोय. तोटा झाला न्हाई. साहेब काल स्वतः जेवायला आले, आन त्यांनी बी शेवटी ताटावर हात आडवे धरले.

दादा, आता जे लिहिते ते वाचायचं का न्हाई ते मला कळंना. दोनदा लिहून पुसलं. खोकणारा माणूस बसून घेतोय आता.

साहेब म्हणले, मुंबईला जानेवारीत याच्यापेक्षा मोठं प्रदर्शन हाय, बाई, याल का. धोंडाबाई म्हणली, "राघूभावजींना इचारून सांगू." आन आई म्हणली, "इचारायचं काय त्यात. येते म्हणून लिहून घ्या."

लिहून घेतलं त्यांनी. झालं ते.

मी रात्रभर घाबरले व्हते. सकाळी आईच म्हणली, "सूरजला कागद धाड. त्यांना म्हणावं, मी तुमचा शब्द मोडला न्हाई, दिल्लीत बी न्हाई. आन म्हणावं, थापायला हात कमी पडत्यात. मेंढरांमागं रानात असताना हातावरची भाकर करायचात ती मी खाल्लीय, माझ्यापेक्षा पातळ व्हती. जानेवारीत सूरज मेंढरं बघंल. यायचं असलं तर चला."

वाच दादा. समदं वाच. वर 'वाचू नको' लिहिलंय ते बी वाच. आण्णा उठून गेले तर त्यांच्यामागं जा आन गोठ्यात उभा राहून वाच.

मंगळवारी निघतो. स्टँडवर कुणी आलं न्हाई तरी आमी येऊ, गाठोडं आता हलकं हाय.

दिल्लीला जेवू घालणाऱ्या सुंदराबाईची लेक,
ऋतिका राघू

ता.क. आत्ता बाहेरनं आरडावरडा ऐकू आला. माकडानं धोंडाबाईची एक चप्पल पळवली आन ते हापिसाच्या पत्र्यावर जाऊन बसलंय. मी पळते.