लांब हौ

प्रिय महानंदा,

काल तुझ्या सुनेने माझ्यासमोरची सुशिल्याची प्लेट उचलून परत आत नेली, म्हणून हे पत्र लिहिते आहे. हसू नकोस. गोष्ट प्लेटची नाही.

तू गेलीस त्या दिवसांत तुझ्या घरी इतकी माणसं होती की मला धड टेकताही आलं नव्हतं. काल निवांत गेले. रेखा फोडणीच्या भिजवलेल्या मुरमुऱ्यांची प्लेट घेऊनच बाहेर आली. "मावशी, थोडा सुशीला खाता का?" मी जेवून निघाले होते. पण तुझ्या घरात नको कसं म्हणायचं? म्हणून म्हटलं, "हौऽऽ." अगदी तुझ्यासारखं. इतकी वर्षं स्टाफरूममध्ये तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून माझ्याही तोंडात 'हो'चं 'हौ' झालं आहे, आणि तेही तुझ्याच सुरात.

आणि ती पोरगी प्लेट घेऊन आत निघाली!

"अगं, हो म्हटलं ना मी!"

"मावशी, तुमी लांब हौ म्हणल्या. लांब हौ म्हंजी नको." मग तिनेच ओठ चावला. "आत्याबाईंचं तसंच होतं की. आखूड हौ म्हंजी हौ. लांब हौ म्हंजी न्हाई. आमच्या घरात लहान लेकराला बी कळतंय. तुमाला म्हाईत न्हाई?"

नव्हतं, महानंदा. मला माहीत नव्हतं.

कालपासून डोळ्यांपुढे एकच दुपार आहे. तुझ्या दारात उभी असलेली ती व्हॅन, आणि तुझा तो हौ. पण अपराधी वाटून घेण्याआधी मला तुझ्यावर थोडं चिडू दे. तो हक्क मी सोडणार नाही.

हे कसलं बोलणं गं? माणसाने 'नाही'ला 'हो' म्हणायचं, आणि समोरच्याने लांबी मोजायची? मी पूर्णेच्या रेल्वे कॉलनीतली, पण शिकले सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये. तिथे सिस्टर पट्टी घेऊन उभ्या असायच्या. "येस ऑर नो? फुल सेंटेन्स!" मान डोलावली तरी हातावर बसायची. तिथून मी जी निघाले ती असं समजत आले की हो म्हणजे हो. तू मला एकदा, फक्त एकदा, "न्हाई जमत, बाई" म्हणाली असतीस तर मी खाल्लं असतं का तुला?

हं. खाल्लं असतं. तोंड आहे माझं तसं.

तुझ्या शोकसभेत नवे मुख्याध्यापक काय म्हणाले माहीत आहे? "महानंदाबाईंनी आयुष्यात कधी कुणाला नाही म्हटलं नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. फ्लेक्सवर श्रद्धांजलीचं स्पेलिंग चुकलं होतं, त्यावरून मी तिथेच त्या पोरांना झापलं. ते वाक्य मात्र मला बरोबर वाटलं! आता कळतं, तू जन्मभर नाहीच म्हणत होतीस. सुनेला ऐकू आलं, नातवाला ऐकू आलं. इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला ऐकू आलं नाही.

ती व्हॅनची सहल तुझीच कल्पना होती. खाजाभाई, आपल्या शाळेच्या सहलींची बस चालवायचे ते, त्यांनी जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिची कॅम्पर व्हॅन करून घेतली. आत झोपायला फळ्या, छोटा ओटा, बेसिन, आणि कोपऱ्यात कपाटाएवढा संडास. तू ती बघून आलीस आणि माझ्या दारात उभं राहून म्हणालीस, "बाई, चला. तुमी, मी आन् विमल. आपलाच जिल्हा बघू."

"आपल्या जिल्ह्यात काय बघायचं? तू तर प्रत्येक सहलीला जाऊन आलीस."

"गेले की. पण मी पोरंच मोजली. पोरं मोजता मोजता देऊळ बघायचं ऱ्हायलं."

मी हसले होते. विमललाही फोन करून सांगितलं. आपल्या शाळेच्या ऑफिसात ती इतकी वर्षं क्लार्क होती, तिला हे सगळं आठवत होतं. ती म्हणाली, "मग मॅडम, त्यांना सहलीला कोण पाठवायचं?"

मी पाठवायचे. बसचा प्रवास, वाटेतले ते घाण संडास, मला नको असायचं. म्हणून दरवर्षी स्टाफरूममध्ये मीच जाहीर करायचे, "सहलीला महानंदा जाईल. तिला पोरं सांभाळता येतात. काय गं, जाशील ना?"

"हौऽऽ."

आता तो मला ऐकू येतो. केवढा लांब होता!

पण पहिला दिवस चांगला गेला ना? एवढं तरी मला म्हणू दे. जिंतूरच्या पुढे नेमगिरी केली, मग चारठाणा. तिथल्या दगडी खांबावर तू हात ठेवून उभी राहिलीस आणि ओरडलीस, "बाई, ह्याच्यावर नक्षी हाय! मला वाटायचं खांब नुसते लेकरांना लपायला असतात!" विमल हसून खालीच बसली. तरी गाडीत चढताना तू आमच्या खांद्याला हात लावून मोजलंसच. विमल म्हणाली, "महानंदाबाई, आज नका मोजू. आमी पळून जायच्या वयाच्या न्हाई." आणि तू म्हणालीस, "तुझा भरवसा हाय. बाईंचा न्हाई."

येलदरीला धरणाजवळ मुक्काम केला. सकाळी तू व्हॅनच्या पायरीवर बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होतीस. पाणी समोर पसरलेलं. मी विचारलं, "बरं वाटतंय का गं?"

"हौ."

घाटा फुटावा तसा. टचकन. त्या वेळी मी त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. आता त्यालाच धरून बसले आहे.

मग तू दुसऱ्या दिवसाचा बेत सांगितलास. खरं तर तुझी सहल त्या दुसऱ्या दिवशीच होती. परभणीवरून गंगाखेडकडे, तिथून धारासूर. गोदावरीकाठचं गुप्तेश्वराचं देऊळ, भिंतीवरच्या त्या दगडी बायका. "एकीच्या हातात आरसा हाय म्हणतेत. दोनदा नेली पोरं, एक बाई धड बघितली न्हाई." रात्री नदीकाठी मुक्काम. आणि तुझं घर गंगाखेड रस्त्यावरच, म्हणजे व्हॅन तुझ्या दारावरून जाणार. त्याचाच तुला जास्त आनंद.

"घरावरून जायचं, बाई. आन् उतरायचं न्हाई! खिडकीतून हात करायचा. म्हणावं, आज तुमचं तुमी बघा, माझी कणीक उद्या."

किती वेळा म्हणालीस ते! जिंतूर मागे पडेपर्यंत तेच चाललं होतं. विमल तर हात कसा करायचा ते तुला शिकवत होती, निवडून आलेल्या माणसासारखा.

आणि मी काय केलं?

आता लिहितेच. मला माझं घर हवं होतं. त्या कपाटाएवढ्या संडासात मी शिरू शकत होते किंवा बसू शकत होते, दोन्ही जमत नव्हतं. गुडघे भिंतीला लागत होते. आणखी एक रात्र माझ्याने निघणार नव्हती. हे मी सरळ म्हणायला हवं होतं. विमल दोन दिवस हसली असती, तू चार दिवस हसली असतीस, आणि संपलं असतं. पण कॉन्व्हेंटमध्ये फुल सेंटेन्स शिकलेल्या बाईला तेवढं एक वाक्य बोलता आलं नाही. मी तुझे पाय पुढे केले.

"महानंदाचे पाय बघा किती सुजलेत. तिला आणखी दगदग नको. धारासूर पुढच्या महिन्यात करू." आणि मग तुझ्याकडे वळून, फार काळजीने, "दमलीस ना?"

"हौऽऽ."

"मग उतरतेस ना घरी?"

"हौऽऽ."

खाजाभाईंनी आरशातून पाहिलं. "मॅडम, बाईंच्या दारात थांबू, का हळू घेऊन पुढं काढू?"

"थांबा म्हटलं ना."

"पक्कं?"

"खाजाभाई, तुम्हाला मराठी कळतं ना?"

त्यांना कळत होतं. मलाच कळत नव्हतं.

व्हॅन थांबली तीही नेमकी तुझ्या दारात. जिथे थांबायचं नव्हतं तिथेच. काल रेखाने सांगितलं, तू आत आलीस, पिशवी ठेवलीस आणि कणीक भिजवायला घेतलीस. तिने विचारलं, आत्याबाई, उद्या येणार होत्या ना? तर म्हणालीस, "बाईंना बरं वाटत नव्हतं."

म्हणजे तुला कळलं होतं! माझे गुडघे, माझा संडास, सगळं तुला कळलं होतं, आणि घरी जाऊन तू माझीच बाजू सांभाळलीस. तुझ्या पायांचं नाव मी घेतलं, आणि तू माझ्या तब्येतीचं. फरक एवढाच की तू खोटं बोलली नव्हतीस.

काल रात्री विमलला फोन केला. म्हटलं, "तुला माहीत होतं, तिचा लांब हौ म्हणजे नाही?"

"मॅडम, समद्या शाळेला म्हाईत होतं."

"मग तू गाडीत बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढं कोण बोलणार? तुमी मला बी विचारलं होतं, 'चालेल ना विमल?' मी बी हौ म्हणले की."

"लांब?"

"लय लांब, मॅडम."

मी फोन ठेवला. मग परत केला आणि तिला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, राहू द्या. तिला तरी म्हणता आलं. तुला कुठे म्हणू?

कालपासून मी एकेक हौ काढून ऐकते आहे. माझे पेपर तपासायला घेतलेस, तो लांब. रविवारच्या कार्यक्रमाला माझ्याऐवजी थांबलीस, तो लांबच असणार. माझा डबा आवडतो म्हणायचीस तो? तो नको सांगूस. आणि मी नवीन आले होते, माझ्या तोंडामुळे स्टाफरूममध्ये माझ्याशेजारी कुणी बसत नव्हतं, तेव्हा तुला विचारलं होतं, "इथे बसतेस का?" तो कसा होता गं? आठवत नाही. एवढं आठवतं की तू बसलीस, आणि निवृत्त होईपर्यंत उठली नाहीस.

एक हौ मात्र मला झोपू देत नाही. त्या दुपारी तू दारात उतरलीस, तेव्हा मी खिडकीतून म्हटलं, "पुढच्या महिन्यात धारासूर, नक्की हं! येशील ना?" तू काहीतरी म्हणालीस. हौच म्हणालीस. पण आखूड की लांब? मला माहीत नाही, कारण मी पर्समध्ये माझ्या घराची किल्ली शोधत होते. तुझ्याकडे पाहतसुद्धा नव्हते.

तो महिना पुरा झाला नाही. एका सकाळी तुझं डोकं दुखायला लागलं आणि दुपारी विमलचा फोन आला. दवाखान्यात पोहोचले तेव्हा तू काही बोलण्याच्या पलीकडे होतीस. नाहीतर मी विचारलं असतं. खरंच विचारलं असतं, आणि नीट ऐकलं असतं.

एक तक्रार मात्र कायमची. मी तुला 'अगं' म्हणायचे आणि तू मला 'बाई' आणि 'तुमी'. मैत्रिणीला कुणी तुमी म्हणतं का? एकदा जरी 'गप गं मालते' म्हणाली असतीस, तर कदाचित मी गप्प बसले असते.

आता ऐक. रविवारी आम्ही धारासूरला निघतो आहोत. विमल येते आहे. मुक्कामही करणार, नदीकाठी, आणि त्या कपाटात मी कशी बसते ते माझं मी बघेन. आरसा घेतलेली ती दगडातली बाई तिथे असेल तर तिच्यासमोर मी सावकाश उभी राहीन, तुझ्या वाटचंही बघेन.

आणि रेखाला घेऊन जाते आहे. आज सकाळी परत जाऊन विचारलं, "येतेस का?" तिने पटकन म्हटलं, "हौ." मी म्हटलं, पुन्हा म्हण. ती पुन्हा म्हणाली, आणखी आखूड. तिच्या नवऱ्याने आतून विचारलं, मग रविवारी स्वयंपाकाचं काय? मी काही बोलले नाही, महानंदा. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तुमचं तुमी बघा." तुझीच सून!

गाडी तुझ्या दारावरून जाईल. खाजाभाईंना सांगून ठेवलं आहे, हळू घ्या, पण थांबू नका. ते म्हणाले, "पक्कं, मॅडम?"

मी म्हटलं, "हौ."

वचन देते, यापुढे कुणाला काही विचारलं तर किल्ली शोधत विचारणार नाही.

तुझ्या शेजारच्या खुर्चीवरची,
मालती
('बाई' नको. नुसती मालती.)